ठळक, गोल आणि सरळ: मुलांच्या कागदावर कोणता फॉन्ट कुठे वापरायचा?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपण मुलांचं अक्षर सुधारण्यासाठी किती धडपड करतो! दुरेघी वही, चौकटीची वही, हाताला धरून गिरवणं. पण आपण स्वतः संगणकावर जे अक्षर छापून मुलांच्या हातात देतो, त्याचा विचार किती जण करतो? डी.एड.ला असताना फलकलेखन शिकवलं होतं. खडू कसा धरायचा, शिरोरेखा कधी द्यायची, मागच्या बाकावरून दिसेल एवढं मोठं कसं लिहायचं, सगळं. फॉन्ट कसा निवडायचा हे मात्र कुणी शिकवलं नाही. मलाही त्याची गरज वाटली नव्हती, एका कागदावर माझीच चूक मला सापडेपर्यंत.

झालं असं. दुसरीच्या वर्गासाठी मी शब्दवाचनाचा कागद बनवला होता. शीर्षकाला छान दिसला म्हणून एक जाड, गोल गोल अक्षरांचा फॉन्ट घेतला आणि खालच्या शब्दांनाही तोच लावला. शब्द मोठे, काळेभोर, सुंदर दिसत होते. मूळ प्रत एक होती, तिची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. वर्गातली एक मुलगी तो कागद वाचताना सारखी अडखळत होती. 'धन'ला 'घन', 'भात'ला 'मात', 'बस'ला 'वस'. मी तिच्या नावापुढे 'सराव आवश्यक' असं लिहून मोकळी झाले.

चार दिवसांनी तिचे वडील भेटले. म्हणाले, "बाई, घरी पुस्तक तर नीट वाचते हो ती. मग शाळेतच असं का?"

मी तिला फळ्यावर तेच शब्द लिहून दिले. सगळे बरोबर वाचले. मग मी तो कागद स्वतः डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मला लाज वाटली. 'ध'च्या डोक्यावरची मोकळी जागा भरून गेली होती. 'भ'ची तीच गत. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ काळ्यात बुडाली होती. मुलगी जे दिसत होतं तेच वाचत होती. सरावाची गरज तिला नव्हती, मला होती.

तेव्हापासून या विषयाचं थोडं वाचन केलं, वर्गात करून पाहिलं. ते आज तुमच्यासमोर मांडते.

हा फॉन्ट नेमका असतो कसा?

या जातीच्या फॉन्टला भौमितिक सॅन्स सेरिफ म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ सोपा आहे.

इंग्रजी वर्तमानपत्रातलं अक्षर जवळून पाहा. प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला बारीक पाय फुटलेले दिसतात. त्यांना सेरिफ म्हणतात. 'सॅन्स' म्हणजे 'विना'. म्हणून ज्याला पाय नाहीत ते सॅन्स सेरिफ. आणि भौमितिक म्हणजे कंपासपेटीतल्या साहित्याने काढल्यासारखं: ओ म्हणजे पूर्ण वर्तुळ, डी म्हणजे सरळ रेघ आणि अर्धवर्तुळ, ए म्हणजे त्रिकोण. रेघेची जाडी सगळीकडे सारखी वाटते. ठळक म्हणजे त्या रेघेचं वजन वाढवलेलं.

वजन हा शब्द मी मुद्दाम वापरला. फॉन्टच्या दुनियेत जाडीला वजनच म्हणतात आणि ते १०० ते ९०० अशा आकड्यांत मोजतात. ४०० म्हणजे नेहमीचं अक्षर, ७०० म्हणजे ठळक आणि ९०० म्हणजे सगळ्यात जाड.

या अक्षराचा स्वभाव कसा, असं मुलांना विचारलं तर ती छान उत्तरं देतात. माझ्या वर्गातल्या एकाने सांगितलं, "बाई, हे अक्षर मोठ्याने बोलतंय." अगदी बरोबर! हा फॉन्ट लाजत नाही, नटत नाही. सरळ उभा राहतो आणि एकच गोष्ट ठासून सांगतो. म्हणूनच पाटीला, शीर्षकाला, घोषणेला तो शोभतो. आणि म्हणूनच दहा ओळींचा परिच्छेद त्यात वाचताना डोकं दुखतं. सतत मोठ्याने बोलणाऱ्या माणसाजवळ आपण किती वेळ बसू शकतो?

कुठून आला?

जर्मनीत पॉल रेनर नावाच्या कलावंताने १९२७ मध्ये 'फ्युचुरा' हा फॉन्ट आणला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांवर बेतलेल्या फॉन्टमधला तो सगळ्यात गाजलेला. नावाचा अर्थच 'भविष्य'. जुन्या नक्षीदार अक्षरांना कंटाळलेल्या त्या काळात हे साधं अक्षर नवं वाटलं. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेतून माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तिथे ठेवलेल्या धातूच्या पाटीवरचा मजकूरही याच फ्युचुरात आहे. पाचवीच्या पुढच्या मुलांना ही गोष्ट सांगा, कान टवकारतात.

आपल्या देवनागरीची वाट मात्र वेगळी. आपलं अक्षर बोरूतून आलं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे हात वळला की रेघ आपोआप जाड-बारीक होते. ते चढउतार हेच जुन्या अक्षराचं सौंदर्य. पुढे छपाई आली. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. नंतर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे प्रसिद्ध झाले. त्यांचे साचे हाताने कोरलेले असत. त्या खिळ्यांतही बोरूचा जाड-बारीकपणा जपलेला होता.

आता प्रश्न येतो, देवनागरीला सॅन्स सेरिफ म्हणायचं कशाला? आपल्या अक्षरांना रोमन लिपीसारखे पाय मुळात नाहीतच. आपल्याकडे या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की बोरूचा जाड-बारीकपणा काढून टाकलेलं, एकसारख्या जाडीचं अक्षर.

या प्रकारातला आज सगळीकडे दिसणारा फॉन्ट म्हणजे 'पॉपिन्स'. इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने तो २०१४ मध्ये आणला. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली आहेत. आज तो नऊ वजनांत मिळतो, मोफत आहे आणि युनिकोड आहे. म्हणजे मोबाईलवर, संगणकावर कुठेही मजकूर टाईप करा, फाईल दुसऱ्याला पाठवली तर त्याच्याकडे अगम्य चिन्हं उमटत नाहीत. जुन्या फॉन्टच्या फाईलींनी आपल्याला किती छळलंय, आठवतं ना?

'केडगाव' या शब्दावर शिकूया

आता आपल्या गावाचंच नाव घेऊ. आधी रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत: के, ई, डी, जी, ए, ओ, एन. यात ओ पूर्ण वर्तुळ आहे, जी म्हणजे एका बाजूने उघडं वर्तुळ, डी अर्धवर्तुळ. बाकी के, ई, ए, एन सगळ्या सरळ आणि तिरक्या रेघा. भौमितिक फॉन्टसाठी हे नाव जणू तयार करून ठेवलंय. कंपास आणि पट्टी घेतली की पाचवीचा मुलगा हे नाव काढू शकतो.

आता देवनागरीत 'केडगाव' काढायला बसा. इथे गंमत सुरू होते. 'क'ला डावीकडे बंद पोट आणि उजवीकडे लोंबता वळसा. 'ड' दोन वळणांचा. 'व'चं पोट गोल, ते कंपासने जमतं. आणि 'गा'? 'ग'चा डावा आकडा, त्याचा उभा दंड, मग काना. शेजारी शेजारी तीन उभ्या रेघा! बारीक अक्षरात त्या सुटसुटीत दिसतात. तेच ठळक करा, की तीन खांब एकमेकांना चिकटू पाहतात. मग फॉन्ट करणाऱ्याला अक्षर रुंद करावं लागतं किंवा रेघा थोड्या बारीक कराव्या लागतात.

हाच मुख्य मुद्दा आहे. रोमन अक्षर ठळक करणं तुलनेने सोपं, कारण अक्षराच्या आत जागा भरपूर. देवनागरीत वर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये गाठी आणि जोडाक्षरं. जाडी वाढवली की आतली पांढरी जागा कमी होते. आणि अक्षर ओळखायला काळ्या रेघेइतकीच ती पांढरी जागा लागते.

रस्त्यावरच्या पाट्या: इथे हा फॉन्ट राजा आहे

आमच्या केडगावातून नगर-पुणे रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दुकानं, हॉटेलं, गॅरेज, दवाखाने. गाडीतल्या माणसाला पाटी वाचायला दोन-तीन क्षण मिळतात. तिथे नाजूक जाड-बारीक अक्षर काय कामाचं? बारीक रेघ लांबून दिसतच नाही. सारख्या जाडीचं, मोठं, मोकळं अक्षर दिसतं. म्हणून पाटीवर ठळक भौमितिक फॉन्ट योग्यच.

पाट्यांबाबत कायदाही आहे. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव आधी हवं आणि मराठी अक्षराचा आकार इतर लिपीच्या अक्षरापेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. आता 'लहान नको' हे मोजायचं कसं? संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला तरी कित्येकदा मराठी अक्षर खुजं दिसतं, कारण दोन वेगळ्या फॉन्टची उंची जुळत नाही. पॉपिन्समध्ये दोन्ही लिप्या एकत्र विचार करून काढल्यात. त्यातलं देवनागरी अक्षर रोमन कॅपिटल अक्षरापेक्षा थोडं उंच आहे. पाटी बनवणाऱ्याला हे माहीत असणं फायद्याचं.

आणखी एक ताजं उदाहरण. २०२४ मध्ये आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलायला लागल्या. मी मुलांना विचारलं, "नवं नाव मोठं की जुनं?" मुलांनी अक्षरं मोजली. अहमदनगर: सात अक्षरं. अहिल्यानगर: सहा. सगळी ओरडली, "नवं लहान!" मग म्हटलं, आता फक्त पूर्ण उभे दंड मोजा. अहमदनगरमध्ये अ, म, न, ग यांचे चार. अहिल्यानगरमध्ये अ, वेलांटी, य, काना, न, ग मिळून सहा! शिवाय अर्धा ल वेगळाच. म्हणजे अक्षरं कमी असूनही पाटीवर गर्दी जास्त. जुन्या पाटीच्या मापात नवं नाव तेवढंच जाड बसवलं तर ते दाटून येणार. रंगाऱ्याला हे हाताने कळतं, मुलांना मोजून कळलं.

घरी पालकांनी हा खेळ जरूर खेळावा. गाडीवरून जाताना, "कोणती पाटी सगळ्यात लांबून वाचता आली आणि का?" एवढंच विचारा.

कागदावर घोटाळा कुठे होतो?

मुलं ज्या अक्षरांत गोंधळतात, त्यातल्या बऱ्याच जोड्यांत फरक अगदी छोटा असतो. ठळक अक्षरात आधी तो छोटा फरकच मरतो. या जोड्या लक्षात ठेवा:

१. ध आणि घ: 'ध'च्या डोक्यावर शिरोरेखा तुटलेली असते आणि डावीकडे गाठ असते. ती मोकळी जागा बुजली की 'घ' झाला.

२. भ आणि म: इथेही शिरोरेखेतली मोकळी जागा आणि वरची गाठ महत्त्वाची.

३. ब आणि व: फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट लहान आणि रेघ जाड असली की दोन्ही सारखेच काळे.

४. ष आणि प: पुन्हा पोटातली तिरकी रेघ.

५. थ आणि य: वरच्या गाठीचा फरक.

इंग्रजीतही असंच आहे. भौमितिक फॉन्टमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल या दोन्ही नुसत्या उभ्या रेघा. मोठं माणूस अंदाजाने वाचतं, पहिलीतलं मूल अंदाज कशाच्या जोरावर करणार? शिवाय फ्युचुरात स्मॉल ए आपण वहीत लिहितो तसा, एक गोल आणि एक दांडी असा आहे. काही फॉन्टमध्ये तो छापील पद्धतीचा, वर टोपी असलेला. मूल वहीत एक ए लिहितं आणि कागदावर दुसराच बघतं. मोठ्या वर्गात चालेल. पहिलीत एकदा थांबून दोन्ही दाखवा.

यात झेरॉक्सने भर पडते. प्रतीची प्रत काढली की शाई पसरते, बारीक पांढऱ्या जागा भरतात. मूळ कागदावर जेमतेम दिसणारी फट तिसऱ्या प्रतीत नाहीशी होते.

आणि एक छुपा शत्रू आहे. आपण साध्या फॉन्टवर बी हे बटण दाबून ठळक करतो. त्या फॉन्टचं ठळक रूप संगणकात बसवलेलं नसेल, तर संगणक स्वतःच रेघा फुगवतो. चित्रकाराने विचार करून रेखाटलेलं ठळक अक्षर आणि संगणकाने फुगवलेलं अक्षर यांत फार फरक असतो. चित्रकार गाठ मोकळी ठेवतो, अक्षर रुंद करतो. संगणकाला ते कळत नाही. म्हणून फॉन्ट उतरवून घेताना त्याची सगळी वजनं बसवून घ्या.

वर्गात करून पाहिलेला प्रयोग

त्या मुलीचा अनुभव आल्यावर मी दोन कागद बनवले. एक त्याच जाड फॉन्टमध्ये. दुसरा 'मुक्ता' या फॉन्टच्या नेहमीच्या वजनात. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला आहे, मोफत आहे आणि वाचनाच्या मजकुरासाठी चांगला आहे. दोन्ही कागदांवर वरच्या पाच जोड्यांतली अक्षरं असलेले शब्द घेतले. मात्र शब्द वेगवेगळे. तेच शब्द दिले असते तर दुसऱ्या वेळी मुलांना पाठच झाले असते आणि फॉन्टमुळे फरक पडला की सरावामुळे, ते कळलं नसतं. अर्ध्या मुलांना आधी जाड कागद दिला, अर्ध्यांना आधी साधा.

काय दिसलं? जी मुलं चांगली वाचतात, त्यांना फारसा फरक पडला नाही. शब्दाचा अंदाज त्यांना येतो. जी नुकतीच वाचू लागलीत, अक्षर अक्षर जोडत जातात, त्यांच्या चुका जाड कागदावर वाढल्या आणि त्या बहुतेक याच जोड्यांतल्या होत्या. म्हणजे आपला चुकीचा फॉन्ट आधीच मागे असलेल्या मुलालाच आणखी मागे ढकलतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. एका छोट्या वर्गातली ही गोष्ट आहे, त्यावरून मोठा सिद्धांत मांडायचा नाही. पण कागद बदलायला एवढं कारण मला पुरेसं होतं.

त्या मुलीच्या नावापुढचा शेरा मी खोडला. वडिलांना बोलावून कागद दाखवला आणि सांगितलं, "चूक माझ्या कागदाची होती." ते हसले. म्हणाले, "बाई, मी तर घरी दोन दिवस तिला रागावत होतो." हे ऐकून मात्र मला हसू आलं नाही.

मग कुठे वापरायचा, कुठे नाही?

फॉन्टचा दोष नव्हता, माझ्या निवडीचा होता. हाच जाड फॉन्ट मी आजही रोज वापरते, पण त्याच्या जागी.

वापरा:
– तक्त्याचं शीर्षक, वर्गाचं नाव, कोपऱ्यांच्या पाट्या (वाचन कोपरा, गणित कोपरा)
– स्नेहसंमेलन, पालकसभा यांचे फलक
– मोठ्या आकाराची शब्दपट्टी, एका पट्टीवर एकच शब्द
– पडद्यावर दाखवायच्या पाठातलं शीर्षक आणि आकडे
– सूचना: 'हात धुवा', 'रांगेत उभे राहा'

वापरू नका:
– गोष्ट, उतारा, कविता
– वाचन तपासणीचा कागद
– गिरवण्याचा कागद (गिरवायला हाताच्या वळणाचं अक्षर हवं, कंपासचं नव्हे)
– जोडाक्षरांची ओळख करून देताना
– पालकांना पाठवायची लांबलचक सूचना

वजनाचं सांगायचं तर शीर्षकाला ६०० किंवा ७०० पुरतं. ९०० फक्त मोठ्या फलकावर. पहिली-दुसरीच्या मजकुराला मी ४०० किंवा ५०० वजन, २४ ते २८ पॉईंट आकार आणि दोन ओळींत सढळ अंतर ठेवते. आपल्याकडे वर मात्रा आणि खाली उकार असतात. ओळी जवळ आल्या की वरचा उकार आणि खालची मात्रा एकमेकांत अडकतात.

फॉन्टची परीक्षा घ्या

नवा फॉन्ट मिळाला की मी त्याला आधी पाच ओळी लिहायला लावते. तुम्हीही ही पट्टी उतरवून ठेवा:

धबधबा, घड्याळ, भाकरी, ममता
बस, वजन, षटकोन, पतंग
दुसऱ्या, कुऱ्हाड, वर्षांनी, कर्मांत
ल, श, अ, झ, ण, ळ
५, ८, ९, ॲ, ऑ

पहिल्या दोन ओळींत जोड्या तपासा. तिसऱ्या ओळीत 'ऱ्या' नीट उमटतो का आणि रफार-अनुस्वार एकमेकांवर चढत नाहीत ना, ते बघा. चौथी ओळ आपल्या मराठीची. हिंदी वळणाचा ल आणि श वेगळा दिसतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची वळणं ठरवून दिली होती. मूल पाठ्यपुस्तकात एक ल बघतं आणि आपल्या कागदावर दुसरा, तर ते गोंधळणारच. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की मराठी वळण येतं. आपल्या फॉन्टमध्ये येतं का, ते छापण्याआधी पाहा. मग ही पट्टी छापा, तिची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा आणि ती तिसरी प्रत हातभर लांब धरून वाचा. मुलांच्या हातात तीच जाणार असते!

पाठ: भूमितीतून अक्षर (चौथी-पाचवी, दोन तासिका)

साहित्य: चौकटीचा कागद, पट्टी, कंपास, पेन्सिल, काळा रंग.

१. चौकटीच्या कागदावर शेजारी शेजारी चौरस, वर्तुळ आणि त्रिकोण काढायला सांगा. तिघांची उंची अगदी सारखी, समजा आठ चौकटी. आतून रंगवा. आता लांबून बघा. वर्तुळ आणि त्रिकोण चौरसापेक्षा लहान वाटतात! पट्टीने मोजलं तर सारखे. म्हणून फॉन्ट काढणारा ओ हे अक्षर किंचित मोठं काढतो, वर-खाली रेघेबाहेर थोडं जाऊ देतो. तेव्हा कुठे ते सारखं 'दिसतं'.

२. एक आडवी आणि एक उभी पट्टी सारख्याच जाडीची काढून अधिक चिन्ह बनवा. आडवी पट्टी थोडी जाड वाटेल. म्हणून एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्येही आडव्या रेघा किंचित बारीक असतात. 'मोजलेलं बरोबर' आणि 'दिसायला बरोबर' यांतला फरक मुलांना इथे पहिल्यांदा भेटतो.

३. आता 'ठ', 'ट', 'व', 'ग' ही अक्षरं कंपास-पट्टीने काढा. 'ठ'ला सममितीचा अक्ष कुठे येईल? 'व'च्या पोटाची त्रिज्या किती चौकटींची? गणिताचा तास आणि मराठीचा तास एकत्र होतात.

४. शेवटी 'ध' आणि 'घ' दोन जाडींत काढा: रेघ एक चौकट जाड आणि रेघ दोन चौकटी जाड. दुसऱ्या वेळी 'ध'ची फट राहते का? राहत नसेल तर काय कराल? मुलं स्वतःच सांगतात: "अक्षर रुंद करू", "फट मोठी करू". हेच काम फॉन्ट करणारे लोक करतात.

मूल्यमापन म्हणून प्रत्येकाने आपलं नाव या पद्धतीने काढावं आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लावावं. मित्राला तिथून वाचता आलं, तर काम फत्ते.

जाता जाता

पालकहो, मूल वाचताना अडलं तर लगेच रागावू नका. आधी तो कागद हातात घ्या. पुस्तकात तोच शब्द वाचतंय का, पाटीवर लिहून दिल्यावर वाचतंय का, एवढं बघा. वाचत असेल तर कागद घेऊन शिक्षकांकडे या, आम्हाला राग येणार नाही. आणि पुस्तकातही तेच अडत असेल तर सराव किंवा डोळ्यांची तपासणी, जे लागेल ते करूच.

शिक्षक मित्रांनो, शेरा लिहिण्याआधी एकदा झेरॉक्स तपासा. माझ्या वर्गाच्या दारावर आजही जाड, गोल, ठळक अक्षरांत 'इयत्ता दुसरी' लिहिलंय, फाटकातून दिसतं. आणि वाचनाचा कागद साध्या, मोकळ्या अक्षरात असतो.

वरची पाच ओळींची पट्टी आपापल्या वर्गात वापरून बघा. कोणती अक्षरं अडली ते जरूर कळवा, म्हणजे जोड्यांची यादी आपण मिळून वाढवू.